जर्मनी, सिंगापूर की फिनलंड? मुलांच्या शाळेच्या बाजूने विचार

परदेशातल्या नोकरीचं ठरवताना बरेच पालक आधी ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीची क्रमवारी उघडतात. २०२२च्या चाचणीत गणितात सिंगापूरला ५७५ गुण होते, फिनलंडला ४८४ आणि जर्मनीला ४७५. पण हे गुण बहुतांशी तिथेच शिकलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे. पुण्यात चौथी करून निघालेल्या मुलीचं तिथे कसं होईल, हे त्यावरून कळत नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी बघायच्या: सरकारी शाळेत प्रवेश मिळतो का, आणि मुलांच्या वाटा कोणत्या वयात वेगळ्या होतात. जर्मनीत बहुतेक ठिकाणी दहाव्या वर्षी, सिंगापुरात बाराव्या, फिनलंडमध्ये सोळाव्या.

जर्मनीत प्रवेशाची चिंता नाही. तिथे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची आहे, सरकारी शाळेला फी नाही, आणि घरीच शिकवायला परवानगी नाही. खरी अडचण चौथीनंतर येते. प्राथमिक शाळा चार वर्षांची (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा), मग कोण गिम्नाझियमला (विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेला) जाणार आणि कोण दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, ते ठरतं. नियम प्रत्येक राज्याचे निराळे. म्युनिक ज्या बव्हेरियात आहे, तिथे गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. १ म्हणजे सर्वोत्तम. ही सरासरी लिहिलेला दाखला मे महिन्याच्या सुरुवातीला मिळतो. सप्टेंबरात पोचलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याआधी जेमतेम आठ महिने मिळतात. गणितात हुशार मूलही तिथे मागे पडतं, कारण शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्ये असतात. कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या राज्यात मात्र शाळा शिफारस करते आणि निर्णय पालक घेतात. शिवाय तिथे सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या गेझाम्टशूल आहेत. त्यामुळे तिसरी-चौथीतलं मूल असेल आणि कंपनी शहर निवडू देत असेल, तर म्युनिकचा हट्ट आम्ही धरणार नाही.

जर्मनीसाठीच्या कागदपत्रांत गोवराच्या दोन डोसांची तारखेसह नोंद हवीच. मार्च २०२०पासून तो कायदा आहे. लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रगतिपुस्तकांचं भाषांतर अधिकृत अनुवादकाकडून करून घ्यावं. आणि अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात. आई-बाबा दोघंही नोकरी करणार असतील तर दुपारच्या पाळणाघरवजा सोयीत जागा आहे का, हे घर घेण्याआधी विचारा.

सिंगापूरचं याच्या उलट. शिक्षण इंग्रजीत, त्यामुळे इंग्रजी माध्यमाचं मूल वर्गात लवकर रुळतं. पण सरकारी शाळेत शिरणंच अवघड. परदेशी मुलांना पहिलीत जागा मिळते ती नागरिक आणि कायम रहिवाशांची सोय लावून उरली तर. त्यापुढे ‘एईआयएस’ ही इंग्रजी आणि गणिताची प्रवेशपरीक्षा. ती प्राथमिक दुसरी ते पाचवी आणि माध्यमिक पहिली ते तिसरी एवढ्याच इयत्तांसाठी असते. परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्रवेश जानेवारीत. पास झालं तरी जागा नक्की नाही, आणि कोणती शाळा मिळणार ते शिक्षण मंत्रालय ठरवतं. परदेशी मुलांना फीही भरावी लागते: भारतीयांना प्राथमिकला महिना ८०० सिंगापूर डॉलरच्या वर.

सहावीअखेर ‘पीएसएलई’ ही प्राथमिकची शेवटची परीक्षा; पुढची वाट तिच्यावर ठरते. चार विषय, प्रत्येकाला १ ते ८ श्रेणी (१ सर्वोत्तम), म्हणून बेरीज ४ आली तर सर्वोत्तम. चौथा विषय मातृभाषेचा. त्यात तमिळबरोबर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू चालतात. मराठी नाही, म्हणून आपली मुलं बहुधा हिंदी घेतात.

फिनलंडमध्ये नवख्या मुलांना साधारण वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग असतो: सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ९०० तास, मोठ्यांसाठी १,०००. पुस्तकं आणि दुपारचं गरम जेवण फुकट. नववीपर्यंत सगळी मुलं एकाच प्रकारच्या शाळेत, त्यामुळे भाषा कच्ची असताना वाट बंद होत नाही. पुरेशी मुलं असतील तर नगरपालिका घरच्या भाषेचा आठवड्याला दोनेक तासांचा वर्ग काढू शकते. मराठीसाठी पालकांनी एकत्र येऊन मागणी करावी लागेल.

शाळा बघायला गेलात तर इमारत बघण्यात वेळ घालवू नका. पूर्वतयारीच्या वर्गात भाषेचे तास आठवड्याला किती, गणित आणि खेळाला मूल नेहमीच्या वर्गात कधीपासून बसतं, गेल्या वर्षीची नवखी मुलं किती महिन्यांनी तिकडे गेली, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही, तर शेजारची शाळाही बघून या. सिंगापुरात मात्र सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून प्रवेशाचं काम होत नाही.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर जर्मनी किंवा फिनलंड, दोन्ही चालतील. नऊ-दहाचं असेल तर आधी फिनलंड, मग कोलोनकडचा भाग. अकराच्या पुढचं मूल घेऊन सिंगापूरला जायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी भरेल हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या आणि मगच सही करा.