कॅल्कमधली पेज स्टाइल आणि छापील हिशोबाचे हेडर-फूटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या वार्षिक हिशोबाच्या एका फाइलमध्ये ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, थकबाकीची यादी, बँक ताळमेळ अशी बरीच शीट्स असतात. छापल्यावर एका पानावर संस्थेचं नाव मधोमध, दुसऱ्यावर डावीकडे आणि तिसऱ्यावर अजून मागचंच आर्थिक वर्ष, हे चित्र ऑडिटला कागद देणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच मोफत स्प्रेडशीट प्रोग्राम) या कामासाठी काही महिने सातत्याने वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: इथे कॅल्क एक्सेलपेक्षा सरस आहे, पण फाइल ओडीएसमध्ये, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात, ठेवली तरच.

एक्सेलमध्ये प्रत्येक शीट आपला हेडर (पानाच्या वर छापला जाणारा मजकूर; तळाचा तो फूटर) स्वतःजवळ ठेवतं. बारा शीट्स म्हणजे बारा हेडर. कॅल्कमध्ये हेडर-फूटर पेज स्टाइलमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नाव दिलेल्या साच्यात, असतो आणि शीटला फक्त ती स्टाइल लावलेली असते. स्टाइल एकदा बदलली की ती लावलेली सगळी शीट्स बदलतात.

फॉरमॅट मेनूतून पेज स्टाइल उघडा, हेडर टॅबवर जा आणि एडिट दाबा. डावा, मधला, उजवा असे तीन रकाने दिसतील. नवीन शीट घातलं की त्याला डिफॉल्ट स्टाइलच लागते, म्हणून वेगळी स्टाइल बनवण्याऐवजी डिफॉल्टच नीट करून ठेवावी. आधीच्या शीट्सना वेगळी स्टाइल लागलेली असेल तर कंट्रोल धरून त्यांचे टॅब निवडा, एफ११ ने स्टाइल्सची पट्टी उघडा, पेज स्टाइल्सच्या चिन्हावर जा आणि हव्या त्या नावावर डबल-क्लिक करा. झाल्यावर टॅबची निवड सोडायला विसरू नका. नाहीतर एका सेलमध्ये टाकलेला आकडा निवडलेल्या सगळ्या शीट्समध्ये त्याच जागी जाऊन बसतो.

आता उणीव. पान उभं की आडवं आणि छपाईचं प्रमाण (स्केल) किती, हेही पेज स्टाइलमध्येच असतं. थकबाकीची रुंद यादी आडवी छापायची तर दुसरी स्टाइल बनवावीच लागते. सेल स्टाइलसारखी एका पेज स्टाइलवरून दुसरी आपोआप बदलत नाही, त्यामुळे हेडर पुन्हा दोन ठिकाणी सांभाळावा लागतो. यावर चांगला उपाय आहे. दोन्ही स्टाइल्सच्या हेडरमध्ये संस्थेचं नाव आणि वर्ष टाइप करू नका. फाइलनावाच्या बटणाच्या यादीतून ‘टायटल’ घाला आणि मजकूर फाइल, प्रॉपर्टीज, डिस्क्रिप्शन इथल्या टायटलमध्ये लिहा. ‘वार्षिक हिशोब २०२४-२५’ चं ‘२०२५-२६’ करायचं तर तेवढी एकच जागा बदलायची. टायटल रिकामं ठेवलं तर तिथे फाइलचं नाव छापून येतं. तारखेचं बटणही हिशोबाच्या पानावर वापरू नये. ते छापण्याच्या दिवसाची तारीख टाकतं. ‘३१ मार्च अखेर’ हे अक्षरांतच लिहावं.

मराठी हेडरचा आकार बदलताना बरेच जण अडतात. मजकूर निवडून अक्षरांच्या बटणातून आकार ९ केला तरी देवनागरी जशीच्या तशी राहते, कारण तो आकार फक्त रोमन अक्षरांना लागलेला असतो. त्याच खिडकीत ‘कॉम्प्लेक्स’ लिपीचा (देवनागरी याच गटात येते) फाँट आणि आकार वेगळा द्यावा लागतो. मंगलसारख्या फाँटची ओळ उंच असते, म्हणून हेडर टॅबवरचं ‘ऑटोफिट हाइट’ चालू ठेवा. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये हेडर टाइप करू नका. तो फाँट नसलेल्या संगणकावर नावाच्या जागी निरर्थक अक्षरं उमटतात.

सगळ्यात मोठी खबरदारी फाइलच्या प्रकाराची. एक्सएलएसएक्समध्ये (एक्सेलच्या फाइल-प्रकारात) सेव्ह करून तीच फाइल पुन्हा उघडली की प्रत्येक शीटला त्याच्या नावाची स्वतंत्र पेज स्टाइल मिळालेली असते आणि एकत्रपणा संपतो. म्हणून मूळ फाइल ओडीएसमध्येच ठेवावी आणि ऑडिटरला पीडीएफ द्यावी.

एक्सेलमध्येच काम करणं भाग असेल तर टॅबवर राइट-क्लिक करून सगळी शीट्स निवडा आणि पेज सेटअपमधून हेडर एकदाच द्या. मात्र ओके दाबताना चालू शीटची दिशा आणि प्रमाणही सगळ्यांना लागतं. म्हणून हेडर आधी, आडवी पानं नंतर. प्रत्येक पानावर पुन्हा छापायच्या मथळ्याच्या ओळी गटात देता येत नाहीत, त्या शीटनिहाय द्याव्या लागतात. एका पानात बसवलेल्या शीटवर हेडरची अक्षरं बारीक दिसतात, त्यासाठी ‘स्केल विथ डॉक्युमेंट’ ची खूण काढा. वरचा समास १.९ सेंमी आणि हेडरचा ०.८ सेंमी हे मूळ माप दोन ओळींना जेमतेम पुरतं. तिसरी ओळ थेट आकड्यांवर चढते. संस्थेच्या नावात ‘&’ असेल तर तो ‘&&’ असा दोनदा लिहावा, नाहीतर छापताना गायब होतो.

एक्सेलमध्ये पान क्रमांकासाठी ‘फर्स्ट पेज नंबर’ ऑटोवर ठेवून सगळं वर्कबुक एकदम छापा, म्हणजे आकडे सलग येतात. शीट्स एकेक करून छापली तर प्रत्येक वेळी १ पासून सुरुवात होते.