मेळघाटातील हिवाळी जंगलवाट: वाटाड्यासोबत पायी घालवलेला एक दिवस

आमच्या दर्यापूरकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला मेळघाट इतका जवळ असूनही फारसा ठाऊक नसतो. आम्ही चिखलदऱ्याला जातो, दोन-चार पॉइंट पाहतो, रबडी खातो आणि अंधार पडण्याच्या आत घाट उतरतो. यंदा पौषात मात्र आम्ही सात जणांनी सेमाडोहच्या बाजूला, काही कोरकू आदिवासी तरुण मिळून घडवून आणतात ती दिवसभराची पायी भ्रमंती केली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना पायी हिंडता येत नाही, त्यामुळे सारी वाट बफरमधून, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातून, जाते. माणशी 700 रुपये घेतले जातात आणि त्यात वाटाड्या, सकाळचा चहा आणि दुपारचे जेवण येते.

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा सिपना नदीच्या पात्रावर धुके होते आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वाटाड्याने पहिला अर्धा तास आम्हाला जंगलातले काहीच दाखवले नाही. त्याने केवळ चालायला शिकवले. या दिवसांत सागाची पाने गळायला लागलेली असतात, आणि ताटाएवढे ते वाळलेले पान पायाखाली मोडले की शांत जंगलात त्याचा आवाज फार दूर जातो. "गुरुजी, आधी पायाची बाहेरची कड टेकवा, मग भार द्या. पान मोडलं तं समोरचं सारं रान उठते," असे तो हलक्या आवाजात सांगत होता. हे जमायला वेळ लागतो, पोटऱ्या भरून येतात, पण एकदा जमले की आपण गप्प होतो आणि कान उघडतात. नंतर दिसलेले आणि ऐकू आलेले सारे त्या अर्ध्या तासामुळेच मिळाले, असे माझे ठाम मत आहे.

या भ्रमंतीचे खरे मोल वाटाड्याच्या नजरेत आहे, आणि ते मला एका ठशापाशी कळले. बैलगाडीच्या जुन्या चाकोरीतल्या मऊ धुळीवर वाघाचा पंजा उमटलेला होता. वाटाड्या उकिडवा बसला, बोट न लावता काडीने ठशाची कड दाखवली आणि सांगितले की ठसा चौकोनी आहे, म्हणजे हा नर असावा; मादीचा ठसा थोडा लांबट असतो. कुत्र्याच्या पावलासारखी नखे येथे उमटत नाहीत, कारण वाघ चालताना ती आत ओढून घेतो. मग त्याने आम्हाला आजूबाजूची धूळ पाहायला लावली. पहाटे झाडावरून ठिबकलेल्या दवाने त्या धुळीवर बारीक बारीक खळगे पडले होते, पण ठशाच्या आत एकही खळगा नव्हता. दव पडून गेल्यानंतर वाघ तेथून गेला होता. कोरकूत वाघाला 'कुला' म्हणतात. तो शब्द उच्चारताना वाटाड्याचा आवाज आपोआप खाली आला. आम्हाला वाघ दिसला नाही, आणि सात जणांपैकी एकालाही त्याची खंत वाटली नाही.

सफारीच्या जिप्सीतून हे कळणे शक्य नाही. अस्वलाच्या विष्ठेतल्या बोरांच्या आठळ्या, मधाच्या पोळ्यासाठी अस्वल ज्या झाडावर चढले त्याच्या सालीवरचे नखांचे ओरखडे, अळ्यांनी हिरवा भाग खाऊन केवळ शिरांची जाळी उरलेले सागाचे पान, पानगळीमुळे उघडे पडलेले कांडोळाचे पांढरेफटक खोड, ज्याला लोक 'भुत्या' म्हणतात: हे सारे थांबून, वाकून पाहण्याचे आहे. मेळघाट हा 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या 9 क्षेत्रांपैकी एक आहे, परंतु येथे दाट झाडी आणि चढउतार यांमुळे वाघ सहजी दिसत नाही. केवळ वाघासाठी येणाऱ्यांनी ताडोब्याकडे जावे.

दुपारी ओढ्याकाठी विसावलो असताना वाटाड्याने वाळक्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दाखवला. घुबडाच्या जातीचा असूनही हा पक्षी दिवसा वावरतो. 1884 नंतर तो कोणाला सापडला नव्हता, आणि 1997 साली सातपुड्यातच शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला. मूठभर आकाराचा तो जीव शेपटी हलवत आमच्याकडे रोखून पाहत होता. मला ती दोन-तीन मिनिटे फार मोठी वाटली.

जेवण गावातल्या एका घरी होते. कुटकीचा भात, तुरीच्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि पाट्यावर वाटलेली मिरची. साधे, गरम आणि पोटभर.

उणिवा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नोंदणी फोनवर करावी लागते आणि पलीकडे रेंज नसल्याने दोन दिवस कोणी फोन उचलला नाही. नदी दोनदा ओलांडायची आहे, हे आम्हाला आधी सांगितले नव्हते. गुडघाभर थंडगार पाण्यातून बूट हातात घेऊन जावे लागले आणि आमच्यातल्या एका काकूंचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला. त्या वेळी कोणाकडेच प्रथमोपचाराची पेटी नव्हती, ओढणी फाडून पट्टी बांधावी लागली. जंगलात पायी नेणाऱ्यांकडून ही चूक घडता कामा नये. महिलांसाठी जेवणाच्या घराखेरीज वाटेत कोठेही आडोशाची सोय नाही, हेही आधी कळायला हवे होते. परत आल्यावर हे सारे आम्ही त्या तरुणांना समोर बसून सांगितले. त्यांनी वाद न घालता ऐकले, आणि पेटीची यादी आमच्याकडूनच लिहून घेतली.

सुमारे 9 किलोमीटर चाल आहे, तेव्हा दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये. मातकट रंगाचे कपडे, जुने पण पकड असलेले बूट, एक जादा मोज्यांचा जोड आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. परतवाड्याहून पहाटे निघून पोहोचण्याची घाई करण्यापेक्षा आदल्या रात्री सेमाडोहला मुक्काम करावा, कारण सकाळचा पहिला तास चुकला तर धुळीवरचे ठसे गुरांच्या खुरांखाली पुसले जातात.