शब्दकोश घेताय? आधी ‘रन’ उघडून बघा

पुस्तकाच्या दुकानात शब्दकोश हातात आला की बहुतेक जण एखादा अवघड शब्द काढून बघतात. सापडला की कोश चांगला. ही कसोटी फसवी आहे. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश बरोबर देतो. कोशाचा कस लागतो तो ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘रन’ अशा बालवाडीतल्या क्रियापदांवर. म्हणून इथे चार इंग्रजी लर्नर्स कोश, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे कोश (लाँगमन, ऑक्सफर्ड, कोबिल्ड, केंब्रिज), आणि जाता जाता आपले इंग्रजी-मराठी कोश, फक्त ‘रन’वर तपासले आहेत. चारही इंग्रजी कोश नेटवर फुकट बघता येतात.

‘रन’च का? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकलं. क्रियापद म्हणून ‘रन’चे 645 अर्थ निघाले आणि त्या एका नोंदीवर पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने गेले. माणूस धावतो तेवढ्यापुरता शब्द राहिला असता तर एवढा पसारा झालाच नसता. पण पाणी, गाड्या, इंजिनं, कारखाने आणि शेवटी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम असं सगळंच ‘रन’ होऊ लागलं. हा मोठा कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतो, जुना आधी. अभ्यासकाला ते सोन्यासारखं. ज्याला संध्याकाळपर्यंत एक पत्र इंग्रजीत लिहायचंय, त्याने तिकडे फिरकू नये.

आधी घरच्या कोशांबद्दल. बाजारातल्या बहुतेक छोट्या इंग्रजी-मराठी कोशांत आणि मोबाइल ॲपमध्ये ‘रन’समोर असं काहीतरी असतं: धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, पसरणे. स्वल्पविराम, स्वल्पविराम, पूर्णविराम. यातला एकही शब्द चूक नाही, तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण कोणता शब्द कशासोबत घ्यायचा हे स्वल्पविराम सांगत नाही. ‘हर नोज इज रनिंग’ला यंत्रं ‘तिचं नाक धावत आहे’ करतात तेही याच धाटणीने. मराठीत नाक गळतं किंवा वाहतं.

मराठी माणसाला ही भानगड खरं तर नवी नसावी. आपल्याकडे ‘लागणे’ आहे. भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, लग्न लागतं आणि नळाला रांगही लागते. ‘लागणे’चा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर आपण लगेच विचारतो, काय लागलं? ‘रन’लाही हाच प्रश्न टाकायचा. कोण रन होतंय, की कुणी काही रन करतंय? करत असेल तर काय? कंपनी असेल तर चालवतोय, ‘बाथ’ असेल तर टबात पाणी सोडतोय, ‘टेंपरेचर’ असेल तर अंगात ताप आहे, ‘रेड लाइट’ असेल तर सिग्नल तोडतोय, ‘स्टोरी’ असेल आणि करणारं वर्तमानपत्र असेल तर बातमी छापतंय. अर्थ क्रियापदात कमी आणि शेजारच्या नामात जास्त. ज्या कोशात हे शेजारचं नाम पटकन नजरेला पडतं तो कोश चांगला, एवढाच निकष इथे लावला आहे.

त्या निकषावर पहिला नंबर लाँगमनच्या ‘डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश’चा. 1978 साली हा कोश निघाला तो एक बंधन घालून घेऊन: व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांतच लिहायच्या. त्यामुळे एक शब्द बघायला जाऊन वाटेत आणखी तीन शोधायची पाळी येत नाही. ‘रन’च्या प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर छोटी पाटी आहे: पायी धावणं, शर्यत, कारभार बघणं, बस-ट्रेन, कॉम्प्युटर, यंत्र, निवडणूक. आधी नुसत्या पाट्या वाचत खाली यायचं, आपली सापडली की थांबायचं. क्रम वापरातल्या प्रमाणावर आहे, त्यामुळे रोज लागणारे अर्थ वर आणि क्वचितचे तळाशी. अर्थापुढे ‘आय’ किंवा ‘टी’ असं अक्षर असतं, अकर्मक की सकर्मक ते सांगणारं. बरेच जण ते गाळून वाचतात. ‘द शॉप रन्स’ आणि ‘शी रन्स अ शॉप’ यातला फरक तिथेच असतो, म्हणून ते गाळू नये.

लाँगमनच्या वेबसाइटची खरी सोय वेगळीच आहे. ‘रन इनटू’, ‘रन अप’, ‘रन ओव्हर’ ही जोडक्रियापदं व्याख्येसकट त्याच पानावर खाली आहेत. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘पानात शोधा’ उघडून नुसतं ‘अप’ टाइप केलं तरी तिथवर पोहोचता येतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या साइटवर प्रत्येक जोडीला वेगळी लिंक, वेगळं पान. नेट मंद असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

जोडक्रियापदांत मराठी माणूस कुठे अडतो तेही सांगायला हवं. ‘रन अप’ घ्या. बिल असेल तर उधारी चढवणं, झेंडा असेल तर वर चढवणं, कपडा असेल तर मशीनवर झटपट शिवून काढणं. पहिल्या दोन्हींना आपलं ‘चढवणे’ नेमकं बसतं, तिसऱ्याला बसत नाही. ‘रन इनटू’ माणसाला लावलं तर अचानक गाठ पडणं, झाडाला लावलं तर धडकणं, रकमेला लावलं तर ‘लाखांच्या घरात जाणं’. ‘रन डाउन’ म्हणजे एखाद्याला नावं ठेवणं, आणि बॅटरी उतरणंही. लाँगमन आणि ऑक्सफर्डमध्ये अशा नोंदींत दोन टोकांचा एक बाण दिसतो. बाण असेल तर कर्म मध्येही येतं आणि मागेही. मात्र कर्म ‘इट’ किंवा ‘हिम’ असेल तर ते मध्येच यायला हवं: ‘रन हिम डाउन’ बरोबर, ‘रन डाउन हिम’ चूक. ‘रन इनटू’ला बाण नाही, म्हणून तिथे कर्म शेवटीच. व्याकरणाचा एक आख्खा धडा त्या बाणात बसवलाय आणि बहुतेकांना तो छपाईतली नक्षी वाटतो.

ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ आपल्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्यांपैकी. ए. एस. हॉर्नबी यांनी ती जपानी विद्यार्थ्यांसाठी तयार केली, 1942 साली टोकियोत ती प्रथम छापली गेली आणि 1948 पासून ऑक्सफर्डने काढली. दहावी आवृत्ती 2020 सालची. उदाहरणवाक्यांत हा कोश श्रीमंत आहे, आणि नेटवर अर्थांपुढे ए-वन, बी-टू अशा भाषा शिकण्याच्या पायऱ्या असल्यामुळे शिक्षकाला कुठला अर्थ आधी शिकवायचा ते ठरवता येतं. अमेरिकी-ब्रिटिश भेदाच्या खुणाही चोख. लांब मोज्याचा धागा तुटून उभी रेघ पडली तर अमेरिकेत तो ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’ करतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपला उमेदवारही उभाच राहतो, धावत नाही.

ऑक्सफर्डमध्ये एक खाचखळगा आहे, तो माहीत नसेल तर चिडचिड होते. ‘रन’ असलेले बहुतेक वाक्प्रचार ‘रन’खाली नाहीतच. ते त्यातल्या नामाखाली किंवा विशेषणाखाली आहेत, आणि तशी एक बारीक सूचना नोंदीत दिलेली असते. ‘रन रायट’ हवं तर ‘रायट’ काढा, ‘रन इट्स कोर्स’ हवं तर ‘कोर्स’. नियम शहाणपणाचा आहे. सगळं ‘रन’खाली कोंबलं असतं तर नोंद वाचवेनाशी झाली असती. पण सूचना न वाचता तीनदा वर-खाली करून ‘या कोशात नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

कोबिल्डची तऱ्हा निराळी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा कोश 1987 साली निघाला आणि त्याने व्याख्या पूर्ण वाक्यात लिहायची पद्धत रुळवली. कपड्याचा रंग सुटतो तो ‘रन’ बघा. सरळ प्रतिशब्द न देता कोबिल्ड सांगतो की कापडातला रंग किंवा कागदावरची शाई ‘रन’ झाली म्हणजे ते ओलं झाल्यावर रंग किंवा शाई निघते किंवा पसरते. कर्ता कोण, कधी आणि काय होतं, तिन्ही एका वाक्यात. वाचलं की मराठी आपोआप सुचतं: रंग सुटला, शाई फुटली. धोबीघाटापासून शाळेच्या वहीपर्यंत हेच दोन शब्द आपण वापरतो, पण छोट्या कोशांच्या स्वल्पविरामांत ते सहसा नसतात. भाषांतर करणाऱ्याने कोबिल्ड हाताशी ठेवावाच. मात्र घाईच्या वेळी त्याची लांबण नकोशी होते. अर्थ चाळायचा असेल तर पाट्या नाहीत, वाक्यं वाचावी लागतात.

केंब्रिजबद्दल थोडक्यात: मोठ्या अक्षरांतले मार्गदर्शक शब्द चांगले, अर्थ मोजके, शाळकरी मुलांना पुरेसा. मॅकमिलनचा कोश अनेकांचा लाडका होता, पण त्याची साइट जून 2023 मध्ये बंद झाली. जुन्या लेखांतले दुवे आता उघडत नाहीत.

चारही कोश मिळून एक गोष्ट देऊ शकत नाहीत, ती म्हणजे मराठीकडून येणाऱ्या चुकांचा इशारा. ‘रन’साठी आपण मनात ‘चालणे’ धरतो आणि ते बरंच जमतंही: यंत्र चालतं, दुकान चालवतात, करार पाच वर्षं चालतो. पण फाटकी नोट ‘चालत नाही’ तिथे ‘रन’ नाही, आणि ‘चालेल’ला तर अजिबातच नाही. उलट विहीर ‘रन ड्राय’ होते तिथे आपल्याला ‘चालणे’ नको, ‘आटणे’ हवं. कुणी ‘रनिंग लेट’ असेल तर नुसता उशीर होतोय. या दोन ठिकाणी ‘रन’ म्हणजे ‘होणे’. उलट्या बाजूने तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढावा, 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. भाषा जुनी, पण ‘चालणे’, ‘लागणे’, ‘सुटणे’ यांच्या नोंदी बघण्यासारख्या.

आणि ‘रन आउट’. क्रिकेटमुळे डोक्यात ‘धावबाद’ पक्कं बसलेलं असतं. साखर संपली तर दोन वाक्यं होतात: ‘द शुगर हॅज रन आउट’ किंवा ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’. कर्ता साखर असेल तर मागे ‘ऑफ’ नाही, कर्ता माणसं असतील आणि काय संपलं ते सांगायचं असेल तर ‘ऑफ’ हवाच. दोन्हींत ‘हॅज’ किंवा ‘हॅव’नंतर ‘रॅन’ नाही, ‘रन’. कोश विकत घ्यायच्या आधी दुकानात उभ्या उभ्या ही जोडी शोधा. अर्ध्या मिनिटात मिळाली तर घ्या.