पाठीचा स्नायू, पंप की नवं हृदय?

‘हृदयाचं पंपिंग २० टक्क्यांवर आलंय’ हे ऐकल्यावर घरातलं कुणीतरी रात्रभर मोबाइलवर शोधत बसतं आणि एका जुन्या ऑपरेशनपाशी थांबतं. पेशंटच्याच पाठीचा स्नायू हृदयाभोवती गुंडाळायचा. दाता नको, परकं काही शरीरात नको. आशा वाटणारच, म्हणून आधी त्याबद्दल.

१९८५ मध्ये पॅरिसला अलँ कार्पांतिए आणि सहकाऱ्यांनी हे माणसावर केलं. काखेमागचा रुंद स्नायू सोडवायचा, त्याची नस आणि रक्तवाहिनी शाबूत ठेवायची, बरगडीचा तुकडा काढून त्या वाटेने स्नायूला छातीत न्यायचं आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर विजेच्या झटक्यांनी आवळायला लावायचं. पण हा स्नायू हातापायाच्या स्नायूंसारखा दमतो; चार जिने चढलं की मांड्या भरून येतात, तसाच. न दमणारा व्हायला त्याला आठवडेच्या आठवडे हळूहळू शिकवावं लागतं. सुरुवातीचे दोन आठवडे तर त्याला नुसती विश्रांती. म्हणजे मोठं ऑपरेशन आज सोसायचं आणि आधार दोनेक महिन्यांनी. ज्यांची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच ते झेपत नव्हतं. इतरांना बरं वाटायचं, पण मोजमापात पंपिंग फारसं सुधारलेलं दिसत नसे. अमेरिकेतली मोठी चाचणी पुरेसे पेशंट न मिळाल्याने १९९०च्या दशकाअखेरीस थांबली. माझं स्पष्ट मत: याच्या मागे वेळ घालवू नका.

एलव्हॅड म्हणजे हृदयाला जोडलेला यांत्रिक पंप. हा पहिल्या दिवसापासून काम करतो. प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ पेशंटच्या २००१ सालच्या अभ्यासात वर्षभरानंतर पंपवाले ५२ टक्के जिवंत होते, फक्त औषधांवरचे २५ टक्के. आताचे पंप त्याहून बरेच चांगले आहेत. मात्र पोटातून एक वायर बाहेर येते. तिथलं ड्रेसिंग कायम स्वच्छ ठेवायचं, पोहणं बंद, रक्त पातळ करणारी गोळी आणि तिच्या तपासण्या कायमच्या. वीज वारंवार जात असेल तर चार्ज केलेल्या बॅटऱ्या उशाशी हव्यात. हे सगळं रोज कोण बघणार, हे ऑपरेशनआधी ठरवा. खर्चही बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा.

प्रत्यारोपण हाच अजून सर्वांत चांगला मार्ग. १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं केलं, तेव्हा पेशंट काही तासच जगला. आज निम्म्याहून अधिक पेशंट दहा वर्षांपलीकडे जातात. अडचण दात्याची. हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच टिकतं, म्हणून तर त्याच्यासाठी रस्ते मोकळे करतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर.

पेशंट पात्र असेल तर प्रतीक्षायादीत नाव लवकर घाला. वाट बघताना तब्येत ढासळली तर पंप. आणि डॉक्टरांना आजच दोन गोष्टी विचारा: सगळी औषधं पूर्ण डोसला पोचलीत का, आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांतला दाब किती आहे? तो फार वाढला की प्रत्यारोपणाचं दार बंद होऊ शकतं.