स्वयंचलित ट्रिप हॅमर: एसपीटीसाठी घ्यावा का?

घ्यावाच. एसपीटी म्हणजे प्रमाणित भेदन चाचणी: भोकाच्या तळाशी नळी हातोड्याने ठोकायची आणि फटके मोजून माती किती घट्ट ते ठरवायचं. पण हातोड्याची ऊर्जा मोजून घेतल्याशिवाय कामावर चढवू नये.

वजन दोरीवरच्या हातोड्याइतकंच, 63.5 किलो, पडण्याची उंचीही तीच, 760 मिमी. फरक आहे तो सोडण्यात. दोरीवरच्या हातोड्यात कॅटहेडवर (दोरी ओढणाऱ्या फिरत्या ढोलावर) किती वेढे घेतले, दोरी ओली की कोरडी, माणूस दमलाय का, यावर प्रत्येक फटका बदलतो. इथे खटका ठरल्या उंचीला सुटतो आणि फटके एकसारखे बसतात. याच एका गुणासाठी पैसे मोजावेत.

एकसारखे म्हणजे 60 टक्के ऊर्जेचे (तुलनेसाठी धरलेली प्रमाण पातळी), असं मात्र नाही. पायाच्या गणितात एन, म्हणजे शेवटच्या 300 मिमीला लागलेले फटके, वापरायचा, तर यंत्राचं ऊर्जा गुणोत्तर (पडण्याच्या ऊर्जेपैकी रॉडपर्यंत पोचणारा वाटा) माहीत हवं, असं आयएसओ 22476-3 हे या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. गुणोत्तर 80 टक्के आलं आणि मोजलेला एन 15 असेल, तर एन60, म्हणजे 60 टक्के ऊर्जेला जुळवलेला एन, होतो 20. ही दुरुस्ती राहिली की वाळू आहे त्याहून सैल दिसते आणि पाया विनाकारण महाग पडतो.

साखळीचा वेग वाढवला तर हातोडा खुणेच्या वर उसळतो. खटका झिजला तर आधीच सुटतो. म्हणून रॉडवर खडूने 150 मिमीच्या तीन खुणा करतानाच पडण्याची उंचीही पट्टीने तपासावी. रॉडचे सांधे दर वेळी आवळावेत.

भोकातलं पाणी भूजलपातळीखाली गेलं आणि तळाची वाळू उकळली (पाण्याच्या दाबाने वर उसळून सैल झाली), तर मात्र कुठलाही हातोडा खोटाच आकडा देणार.