डांबरी आणि कच्च्या रस्त्यांसाठी टायर : पुढचा वेगळा, मागचा वेगळा

डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकलींच्या टायरची माहिती वाचताना सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो ५०/५०, ८०/२० किंवा ९०/१० असा आकडा. पहिली संख्या डांबराची आणि दुसरी कच्च्या रस्त्याची, असा त्याचा अर्थ. मात्र हे प्रमाण कोणत्याही सर्वमान्य चाचणीतून ठरलेले नसते. प्रत्येक कंपनी ते आपल्या अंदाजाने आणि सोयीने छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे ५०/५० टायर शेजारी ठेवले तर त्यांच्या नक्षीत बराच फरक दिसू शकतो. त्याहून मोठी गफलत घेणाऱ्याच्या हिशोबात होते. दहा किलोमीटरपैकी आठ डांबरावर जातात म्हणून ८०/२० टायर घ्यावा, हे गणित वरवर बिनतोड वाटते. पण उरलेले दोन किलोमीटर जर ओल्या चिकणमातीच्या चढाचे असतील, तर तो टायर तिथे माती धरून गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. डांबराचे आठ किलोमीटर यांपैकी कोणत्याही टायरवर, फार तर थोड्या कमी वेगाने, पार पडतात. म्हणून किलोमीटरच्या बेरजेपेक्षा वाटेतला सर्वांत अवघड आणि टाळता न येणारा टप्पा कोणता, हे आधी ठरवावे.

नक्षीचे काम समजून घेतले की निवड सोपी होते. नॉबी टायरवर उंच, सुटे ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा असते. ठोकळे मऊ जमिनीत रुततात, तर मोकळ्या जागेतून चिखल बाहेर फेकला जातो. दोन्ही गोष्टी जमल्या तरच पकड टिकते. मात्र हीच रचना डांबरावर आड येते, कारण रस्त्याला टेकणारे रबर कमी राहते. नव्या नॉबी टायरच्या मधल्या रांगेतला ठोकळा अंगठ्याने आडवा रेटून पाहावा, तो बुडाशी किंचित झुकतो. ब्रेक लावताना किंवा वळणावर गाडी कलती करताना असे अनेक ठोकळे एकाच वेळी झुकतात आणि चालवणाऱ्याला गाडी जरा तरंगल्यासारखी वाटते. त्यात धोका असतोच असे नाही, पण सवय करून घ्यावी लागते. सामान लादलेल्या गाडीवर मोठ्या वेगात ही हालचाल अधिक जाणवते. कठीण खडकावर तर उंच ठोकळ्यांचा फारसा उपयोगही होत नाही, तिथे मऊ रबर आणि कमी हवाच कामी येते. वाळूतही हवेचा दाब नक्षीइतकाच महत्त्वाचा ठरतो. थोडक्यात, ठोकळ्यांचा खरा फायदा चिखल, सुटी माती आणि मऊ जमीन इथे दिसतो.

माझे ठाम मत असे आहे की पुढच्या आणि मागच्या चाकासाठी एकाच नावाची जोडी घेण्याचा आग्रह सोडून द्यावा. मागचे चाक घसरले तर गाडी तिरकी होते आणि बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. उलट, झीज मुख्यतः मागे होते, कारण इंजिनाचा जोर आणि सामानाचा बराचसा भार तिथेच पडतो. तेव्हा पुढे आक्रमक नॉबी आणि मागे जास्त टिकणारा, मध्यम नक्षीचा टायर, ही विभागणी बहुतेक चालवणाऱ्यांना मानवेल. दोन्ही टायर साधारण एकाच सुमारास संपण्याची शक्यताही त्यामुळे वाढते, हा व्यवहारातला फायदा.

पुढच्या चाकासाठी कॉन्टिनेन्टलचा टीकेसी ८० हा अजूनही माझा पहिला पर्याय आहे. चौकोनी सुट्या ठोकळ्यांचा हा टायर दिसायला अगदी शेतात चालणारा वाटतो, तरी त्याचे रबर मऊ असल्यामुळे ओल्या डांबरावर तो अपेक्षेपेक्षा बराच विश्वासू वागतो. त्या मऊपणाची किंमत मागच्या चाकात मोजावी लागते. जड गाडीवर मागचा टीकेसी ८० मधोमध लवकर सपाट होतो आणि लांबच्या डांबरी प्रवासाला निघालेल्याने तो मागे बसवणे म्हणजे ठोकळे रस्त्यावर घासून संपवणे आहे. मिशेलिनचा अनाकी वाइल्ड हा याच वर्गातला, पण रेडियल बांधणीचा, म्हणजे ज्याच्या आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात असा. ज्यांच्या मोठ्या गाडीला मुळात रेडियल टायर आहेत त्यांनी तो आधी पाहावा.

मागच्या चाकासाठी दोन नावे मला महत्त्वाची वाटतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या हायडेनाऊ गावातली, गावाचेच नाव असलेली छोटी कंपनी के६० स्काउट बनवते. तिरक्या, जाड ठोकळ्यांचा हा टायर टिकाऊपणासाठी ओळखला जातो. एक बारकावा मात्र खरेदीपूर्वी तपासावा : १५०/७०-१७ यासारख्या रुंद मापांत मधोमध सलग पट्टी असते, तर अरुंद मापांत ती नसते. ही पट्टी डांबरावर आयुष्य वाढवते, पण चिखलात नेमकी तीच आड येते, म्हणून रुंद मापाचा आणि अरुंद मापाचा के६० हे जवळजवळ दोन वेगळे टायर मानावेत. रबर कठीण असल्यामुळे थंड, ओल्या डांबरावर पहिली काही वळणे जपून घेणे शहाणपणाचे. मिटासचा ई-०७ हा दुसरा पर्याय. त्याच्या डकार या प्रकारात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, अधिक कडक असते. भरपूर सामान आणि मागे बसणारी व्यक्ती यांच्यासह जाणाऱ्या जड गाडीला ती कडक बांधणी उपयोगी पडते, पण हलक्या, एकट्याने चालवायच्या गाडीवर ती केवळ धक्के वाढवते. हलक्या गाडीसाठी साधा ई-०७ पुरेसा आहे. ज्यांचा कच्चा रस्ता म्हणजे कोरडी, दाबून बसलेली खडी एवढाच असतो, त्यांना शिन्को ७०५ किंवा अनाकी अ‍ॅडव्हेंचर यांसारखे रस्त्याकडे झुकलेले टायर दोन्ही चाकांवर चालतील, आणि त्यांनी नॉबीच्या मोहात पडू नये.

जोडी जुळवताना साइडवॉलवरची अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. ९०/९०-२१ ५४एस यात पहिले ९० ही मिलिमीटरमधली रुंदी, दुसरे ९० ही त्या रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली उंची आणि २१ हा रिमचा इंचांतला व्यास. ५४ हा भारांक २१२ किलोग्रॅम दर्शवतो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. नॉबी टायरवर अनेकदा क्यू असते, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. १५०/७०बी१७ ६९क्यू हे टीकेसी ८०चे माप त्याचे उदाहरण. एवढ्या वेगाने कोण जाणार, असे म्हणून हे अक्षर सोडून देऊ नये, कारण अनेक देशांत गाडीच्या कागदपत्रांत नोंदलेल्या मर्यादेशी ते जुळावे लागते. मापातले बी हे बायस-बेल्टेड, म्हणजे तिरप्या धाग्यांवर पट्टा असलेल्या बायस बांधणीचे आणि आर हे रेडियलचे चिन्ह आहे. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस बसवायचा विचार असेल तर गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावे. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्यांत टायरचा बाहेरचा व्यास फार बदलला तर दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना चुकू शकते, म्हणून मूळ मापापासून लांब जाऊ नये.

आता हवेविषयी, कारण इथे अर्धी निवड दडलेली आहे. डांबरासाठी पुस्तिकेतला दाब पाळावा. कच्च्या रस्त्यावर तो कमी केला की टायर दगडाभोवती वाकतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि मध्यम नक्षीचा टायरसुद्धा वरच्या वर्गातल्या टायरसारखा चालू लागतो. जड ट्यूबलेस गाडीवर २५ पीएसआयच्या आसपास उतरणे साधारणपणे पुरेसे असते. त्याहून खाली गेल्यास टोकदार दगडावर रिमला पोचा येण्याची भीती वाढते. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असेल तर आणखी एक अडचण येते : कमी हवेत ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि एकाच ठिकाणी शेजारीशेजारी दोन भोके पडतात. टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाऊ नये म्हणून फार कमी दाबावर रिम लॉक, म्हणजे टायर रिमला आवळून धरणारी पकड, हीही लागते. पुन्हा डांबरावर आल्यावर हवा भरायचा कंटाळा करणाऱ्याने, खरे तर, दाब कमी करूच नये. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि त्याची बांधणी आतून खराब होते. लहान पंप आणि दाबमापक यांवरचा खर्च महागड्या टायरवरच्या खर्चापेक्षा अधिक कामी येतो.

कडक साइडवॉलचा टायर निवडणाऱ्याने तो वाटेत स्वतः उतरवता येईल का, याचाही विचार करावा. युक्ती जोरात नसून रिमच्या मधल्या खोलगट भागात आहे : लिव्हरच्या विरुद्ध बाजूचे बीड, म्हणजे टायरचा रिमवर बसणारा कडक काठ, त्या खोलगटात गुडघ्याने दाबून धरले, तर या बाजूला तेवढीच ढील मिळते. टायर चढवून हवा भरल्यावर बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत गेलेली असेल तर बीड नीट बसलेले नाही. फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा आणि खरेदी करतानाच साइडवॉलवरचा चार अंकी कोड वाचावा. त्यातले पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२४ हा २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नवा टायर पहिले सुमारे १५० किलोमीटर जपून चालवावा, कारण त्याचा पृष्ठभाग तोवर पुरेसा खरवडलेला नसतो.

टायर कधी बदलायचा याची खूण कंपनी खाचेत टीडब्ल्यूआय या अक्षरांपाशी देते. ती खूण डांबरासाठी आहे. चिखलासाठी ठोकळे निम्मे झिजले आणि त्यांची पुढची धार गोल झाली की तो टायर संपलाच असे समजावे. मात्र मागच्या चाकाचा असा टायर कोरड्या हंगामात डांबरावर अजून बरेच दिवस वापरता येतो.