लेदर वर्क बूट, काही महिने रोज वापरल्यावर: चामडं टिकलं, जिभेनं वैताग आणला

सहा इंची, स्टील टो (बोटांवर पोलादी टोपी), गुडइयर वेल्ट (अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, आणि सोल जिला शिवलेले असतात ती कडेची पट्टी), तेल मुरवलेलं फुल ग्रेन (वरचा थर न घासलेलं) चामडं, रबरी सोल. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतंच, म्हणून थेट तक्रारीकडे. या बुटाची जीभ, म्हणजे लेसखालचा चामड्याचा पट्टा, सरकते. तासा-दोन तासांत ती बाहेरच्या बाजूला जाऊन बसते आणि लेस पायाच्या उंचवट्यावर काचायला लागते. एवढा दणकट बूट बनवायचा आणि जीभ अशी वाऱ्यावर सोडायची, हे काही पटत नाही.

कारण साधं आहे. जिभेच्या दोन्ही कडांना अप्परशी जोडणारी चामड्याची घडी, म्हणजे गसेट, इथं अर्ध्यातच संपते. वरची जीभ मोकळी. पाऊल वाकलं की पायाच्या आतल्या बाजूचा उंचवटा तिला बाहेर ढकलतो आणि तिला धरून ठेवणारं काही नसतं. आतल्या बाजूला फट पडते, तिच्यातून सिमेंटची धूळ आणि बारीक कच आत जाते आणि टाचेजवळचं अस्तर घासून टाकते. ओली जीभ दुमडलेल्या अवस्थेत वाळली तर तिची कड कायमची वळते, मग रोज सकाळी ओढून बसवली तरी ती परत तिथंच जाते.

तोडगा स्वस्त आहे. मोच्याकडून जिभेच्या मधोमध, वरून दुसरी आणि तिसरी लेसची जोडी येते तिथं, साधारण 1 सेंमी रुंद आणि 4 सेंमी लांब चामड्याची उभी पट्टी शिवून घ्यायची. फक्त वरचं आणि खालचं टोक शिवायचं, मधून लेस ओवायची. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा घामानं कुजतो. काही जण पट्टीऐवजी जिभेत दोन चिरा पाडतात. एकेरी जाड चामडं असेल तर चालतं, पण चिरेच्या टोकांना गोल भोक पाडावं, नाहीतर तिथूनच फाटत जातं. आत फोम असलेल्या जिभेला चिरा नकोतच. पट्टी लावल्यावर जीभ जागची हलत नाही, म्हणून रेटिंगमधून दोनऐवजी एकच तारा कापतोय. तो मात्र कापणारच. हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं.

चामड्याबद्दलचं मत मात्र पार बदललं. सुरुवातीला जरा कुठं घासलं की फिकट ओरखडा दिसायचा, वाटलं माल हलका आहे. उलट आहे. तेल मुरवलेल्या चामड्यावर असं होतंच. अंगठ्यानं चोळलं की बरेचसे ओरखडे बुजतात. बोटांच्या सांध्यापाशी पडणाऱ्या घड्यांनाही घाबरू नका. लक्ष ठेवा ते स्टील टोच्या मागच्या कडेवर. तिथं चामडं कडक धारेवरून सारखं वाकतं, घडीत धूळ साचते, आतून खरवडते आणि कोरडं पडलं की तडकतं. ब्रश आधी तिथं आणि वेल्टच्या शिवणीत, मग बाकी बुटावर.

तेल बेतानं लावा. पाणी लगेच मुरायला लागलं किंवा घड्या फिकट दिसल्या, तेव्हाच कंडिशनर, म्हणजे चामड्यासाठीचं तेलकट मलम. दोन्ही बुटांना मिळून चमचाभर पुरतो. रात्रभर ठेवायचं, सकाळी जादा पुसायचं. दर आठवड्याला थापलं तर चामडं लुळं पडतं आणि घोट्याचा आधार जातो. स्वयंपाकाचं तेल तर लावूच नका, ते खवट होतं आणि धूळ धरून बसतं.

ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी, तर चामडं मुळात किंचित आम्लधर्मी. सिमेंट राहिलं तर तेल निघून जातं आणि तंतू ठिसूळ होतात. त्याच दिवशी ब्रशनं काढा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं, आणि वाळल्यावर कंडिशनर.

बूट भिजले तर इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदलायचे, सावलीत आडवे ठेवायचे. हीटरजवळ किंवा कडक उन्हात अजिबात नको. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि दगडासारखं होतं.

सोलमध्ये टाचेचा बाहेरचा कोपरा आधी झिजतो. झीज रबराच्या पलीकडे टाचेच्या थरांपर्यंत जाण्याआधी टाच बदलून घ्या, काम स्वस्तात होतं. वेल्ट शाबूत असेल तर पूर्ण सोलही बदलता येतो, त्यामुळे वेल्टला धक्का लागेपर्यंत थांबू नका. पॉलियुरेथेन सोलवाल्यांनी मात्र 'जपून' कपाटात ठेवू नये. हवेतल्या ओलाव्यानं तो न वापरताही भुगा होतो. आणि स्टील टोवर एखादं जड काही आदळलं, तर वरून चामडं कितीही धड दिसो, तो जोड कामावर पुन्हा घालू नका.